पायलला ध्यानात न दिसलेली साळुंकी

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

सुरतेत बमरोलीतल्या आमच्या छोट्या शाळेत ना परीक्षा, ना घंटा. सकाळी मुलं थोडा वेळ डोळे मिटून शांत बसतात. त्यांच्या मनात काय आलं ते कुणी विचारायचं नाही, एवढाच नियम.

आज एक पाहुण्या बाई आल्या. मौन संपतं न संपतं तोच त्यांनी पहिलीतल्या पायलसमोर मोबाईल धरला. "बेटा, ध्यानमां शुं जोयुं?" ध्यानात काय पाहिलंस, म्हणे.

पायलच्या घरी अहिराणी. ती शांतपणे म्हणाली, "काबर?"

म्हणजे "कशाला?" पोरीने सरळ विचारलं हो!

पण गुजरातीत काबर म्हणजे साळुंकी. बाई हरखल्याच. "वाह! एने काबर देखाई!" टाळ्या काय, व्हिडिओ काय! मी खरा अर्थ सांगतेय, तर मलाच म्हणतात, "बेन, बाळकनो आत्मा बहु पवित्र होय."

अहो, पवित्र ना? मग त्या आत्म्याने प्रश्न विचारलाय, त्याचं उत्तर द्या की!

वर तिला साळुंकीचं चित्र काढायला लावलं. पायलने मुकाट्याने काढलं. चोच घट्ट मिटलेली.

मुलांच्या मनातलं सगळं आपल्याला कळायलाच हवं, असं तुम्हालाही वाटतं?

काबर?