दारफाळणीच्या दिवशीचा कॉल

"तोडा साहेब दार. माणूस मेलाय आत," सोनवणेकाकू म्हणाल्या.

मी तेव्हा फायर ब्रिगेडमध्ये स्टेशन ऑफिसर होतो. दुष्काळाचं वर्ष, चिकलठाण्याकडची नवी कॉलनी. काकूंच्या शेजारी अब्राहमकाका राहायचे, बायको गेल्यापासून एकटेच. कालपासून त्यांची दारं-खिडक्या बंद, हाकेला ओ नाही.

"मेलेत कशावरून?"

"आज नळ आला, अन् त्यांनी बादली बी लावली नाय. जित्ता माणूस पाणी सोडतो व्हय? अन् रातच्याला आत चार-पाच जण बोलत व्हते."

पहिला मुद्दा मला लगेच पटला. त्या वर्षी आमच्या शहरात नळाचं पाणी कुणी सोडत नव्हतं. दुसऱ्याकडं मी कानाडोळा केला.

"वाट कसली बघताय? तोडा!" वायरलेसवर आमचे मोठे साहेब ओरडले. आमच्या माणसानं कटर दाराला लावला, तेवढ्यात काकांच्या मुलीला काकूंचा फोन लागला. ती ठाण्याला असायची. मी फोन हातात घेतला.

"तोडू नका हो! आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आज दारफाळणीचा सण. काल सूर्यास्तापासून आज तारे दिसेपर्यंत बाबा दार उघडत नाहीत, पाणीही पीत नाहीत."

"पण हा सण आजच कसा?"

"तुमच्या तिथीसारखाच, चंद्रावर ठरतो. आमच्या नव्या वर्षाचा दहावा दिवस. गेलेली माणसं आज घरी येऊन बसतात, असं बाबा मानतात. पण त्यांना हार्टचा त्रास आहे. जिवंत आहेत ना, तेवढं बघा." ती रडायलाच लागली.

मी दाराला तोंड लावून ओरडलो, "काका, बरे असाल तर दार वाजवा!"

दार वाजलं. त्याच वेळी पलीकडच्या खोलीची खिडकीही आतून वाजली.

काकूंनी माझा दंड घट्ट धरला. मी जळत्या गोदामात शिरलेला माणूस, पण त्या दारापासून दोन पावलं मागं सरलो. कटर गाडीत ठेवायला सांगितला आणि ओट्यावर बसून राहिलो.

तारे दिसले तसं दार उघडलं. पांढऱ्या कपड्यांतले काका बाहेर आले, ओठ पार सुकलेले. काकूंनी दिलेलं पाणी ते घोटघोट प्यायले. मी घरभर फिरून आलो. दुसरं कुणी नव्हतं.

"काका, दोन्हीकडं एकदम कसं वाजवलंत?"

"मी दारच वाजवलं," काका म्हणाले. "खिडकीशी हिची जागा."

रिपोर्टमध्ये मी 'एक व्यक्ती सुखरूप' असं लिहिलं. तेव्हापासून कुठलंही दार तोडायच्या आधी मी एकदा वाजवून बघायचो. उत्तर किती ठिकाणांहून आलं, ते मात्र कधी मोजलं नाही.