इंदूरच्या तळ्यात जहाज बुडालं तेव्हा

इंदूरला एकदा जहाज बुडालं होतं असं सांगितलं की नातवंडं हसतात. समुद्र कुठं नि इंदूर कुठं! हसू दे. माझ्या डोळ्यांसमोरून ती दुपार अजून गेलेली नाही, आणि हल्ली तर जास्तच येते. बायको गेली त्याला वर्ष होत आलं. घरात बोलायला कोणी नाही म्हणून जुनं आठवत असेल. पण ही केस तिच्याशिवाय सुटली नसती, म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस. रोजनामचा लिहून लिहून हात बसला, तेवढंच माझं लिहिणं. नावं कोणाची लिहिणार नाही.

मध्यप्रदेश तेव्हा नवा नवा झाला होता. आमच्या पोलीस थान्याच्या पाटीवरचा 'मध्यभारत' पुसून वर नवं नाव रंगवलं होतं, पण तिरपं ऊन पडलं की खालचं जुनं नाव दिसायचं. मी तिथं हेड कॉन्स्टेबल. हद्दीत गावाबाहेरचं एक मोठं तळं होतं आणि त्यात दरबारच्या वेळची लांबरुंद लाकडी नाव होती. सपाट बुडाची, सागवानी, पाहुण्यांना फिरवायला बांधलेली. सगळं इंदूर तिला जहाजच म्हणायचं. दरबार गेला, जहाज एका ठेकेदाराकडं आलं. त्यानं वर पत्र्याचं छत घातलं, दोन्ही बाजूंना बाकडी ठोकली आणि तिकीट लावून लोकांना फिरवायला लागला.

त्या दिवशी छत्रीबागेतल्या एका मराठी घरानं ते अख्खं जहाज घेतलं होतं. सुनेला मुलगा झाला होता. आमच्याकडं माळव्यात बाळंतीण बाहेर निघते तेव्हा पाण्याची पूजा करते, त्याला जलवा म्हणतात. मालवी शेजारणींचं बघून ते आपल्या मराठी घरांतही शिरलं. बाकीच्या बाया विहिरीवर करतात. या घरानं ठरवलं, आपण तळ्याच्या मधोमध करू, जहाजातून.

मधोमध गेल्यावर जहाज डावीकडं कललं आणि बसलं. मासे धरणारे ढीमर जवळच होते, त्यांनी डोंग्या घातल्या म्हणून बहुतेक माणसं निघाली. बाळंतीण वाचली. बाळ घरीच होतं. पण तिची धाकटी नणंद आणि घरातले एक म्हातारे काका गेले.

आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर छताचा पत्रा तेवढा दिसत होता. काठावर ठेकेदाराची चहाची टपरी होती. तिथंच दगडांवर बसून पंचनामा केला. ठेकेदार हात जोडून म्हणाला, "हेड साब, केवट पिया हुआ था. पानी में पुराने घाट की सीढ़ी है, उस पे दे मारी नाव." घरच्यांनीही तेच सांगितलं. धक्का बसला, आरडाओरडा झाला, पुढचं आठवत नाही. केवटाला, म्हणजे नावाड्याला, हवालातीत टाकला. हलगर्जीनं मृत्यूचं कलम लागलं. थानेदार साहेब म्हणाले, "सीधा मामला है. कागज पूरे करो."

केवट काळा, सडसडीत माणूस. मार खाऊनही एकच वाक्य. "साब, नाव टकराई नहीं. बैठ गई."

"बैठ गई म्हणजे काय रे? म्हैस आहे का ती?"

"बैठ गई, साब."

पुढं विचारलं की मान खाली. त्याची बायको रोज थान्यासमोरच्या लिंबाखाली भाकर घेऊन यायची. मला म्हणाली, "इसने मुँह खोला तो ठेकेदार झोपड़ी खाली करा लेगा. उसी की जमीन पे है." तेव्हा मला केवटाची मान खाली का, ते समजलं. ठेकेदाराविरुद्ध बोलला तरी झोपडी जाणार, नाही बोलला तर जेल. त्यानं जेल पत्करली होती.

मला पोहता येत नाही. इंदूरच्या माणसाला नावेतलं काय कळणार? पण ते 'बैठ गई' डोक्यातून जाईना. धडकलेली नाव फुटते, हे समजतं. न धडकता लाकूड बुडतं कसं? घरी जाऊन मी न्हाणीतल्या मोठ्या घंगाळात पाणी भरलं आणि बायकोची काठवट त्यात सोडली. आत वाट्या मांडल्या, ही बाई, हा गडी. दोन्हीकडं सारख्या ठेवल्या तर काठवट तरंगे. सगळ्या एका बाजूला सरकवल्या की भस्सकन पाणी आत.

बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी. "काठवट भाकरीसाठी आहे हो, तफ्तीशीसाठी नाही."

"थांब गं. माणसं एका बाजूला गेली म्हणून बुडाली, असं दिसतंय."

"मग इतकी वर्षं नाही का गेली एका बाजूला? बायका पाण्यात फुलं टाकायला वाकतातच." असं म्हणून तिनं पाट्यावरचा वरवंटा आणून काठवटीच्या तळात आडवा ठेवला. "आता सरकव."

सरकवल्या. काठवट कलली, पण थांबली. खाली वजन होतं ना!

दुसऱ्या दिवशी मी केवटाला विचारलं, "जहाजाच्या तळात कधी वजन असायचं काय रे?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, डोळे भरले त्याचे, आणि परत मान खाली. त्यावरून मी ओळखलं. पण डोळ्यांतलं पाणी कोर्टात चालत नाही. साक्षीदार पाहिजे, आणि जहाजावरचे सगळे साक्षीदार धक्का बसला म्हणत होते.

खबर मिळाली ती सराफ्यात, जिथं दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्या लागतात. संध्याकाळी मी कचोरी खायला थांबलो होतो. एक तांगेवाला माझा जुना मुखबिर. शेजारी येऊन म्हणाला, "भिया, वो जहाजवाले केस में लाल लुगड़ेवाली बाई ने क्या बयान दिया?"

"कोणती लाल लुगडेवाली?"

"अरे! सबसे पहले तो उसी को छोड़ के आया था मैं. अकेली को. फिर बाकी लोग आए. और शाम को गीली-की-गीली वापस भी मैं ही लाया. घरवालों ने चादर लपेट के बिठाई, बोले किसी से कहना मत."

कचोरी हातात तशीच राहिली. लाल लुगडं म्हणजे आळवण, केशवपन केलेली विधवा. साक्षीदारांमध्ये अशी बाईच नव्हती.

छत्रीबागेत गेलो. घरचे कर्ते ओसरीवर बसले होते. त्यांची धाकटी मुलगी गेलेली, चुलते गेलेले. वाईट वाटत होतं, पण कामाचं विचारावंच लागतं.

"जहाजावर अजून कोण होतं?"

"सगळी नावं दिली तुम्हाला."

"आळवणातल्या बाई?"

त्यांचा चेहरा उतरला. "माझी थोरली बहीण. ती घरी होती."

"मग तांगेवाल्यानं भिजलेली कोण आणली? भूत?"

त्यांनी आतलं दार ओढून घेतलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "हेड साहेब, तिनंच या पोराच्या बापाला वाढवलं. जलवा बघायची तिला फार हौस. म्हटलं, कोण बघतंय तिथं तळ्यावर? नेली. आता गावाला कळलं की शुभकार्यात विधवा नेली होती, तर लोक काय म्हणतील? हिच्या पायगुणानं बुडालं म्हणतील. उरलेले दिवस ती कशी काढेल?"

"आणि केवटानं कसे काढायचे? त्यालाही बायको आहे. रोज माझ्या दारात येऊन बसते."

त्यांनी तोंड फिरवलं. "ती परपुरुषाशी बोलत नाही," म्हणाले.

मी घरी आलो आणि बायकोला म्हटलं, लुगडं बदल, चल. ती म्हणाली, मी काय पोलीस आहे? म्हटलं, आज आहेस.

छत्रीबागेत मला ओसरीवर बसवून ती आत स्वयंपाकघरात गेली. आत्याबाई (घरात सगळे त्यांना हेच म्हणत) चुलीपाशी होत्या. मधल्या दाराच्या फटीतून मला आवाज येत होता. आधी नुसतं भांड्यांचं. मग बायको म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या हातचा चहा द्या."

"माझ्या हातचा?"

"मग काय पाटावरच्या गणपतीच्या हातचा? द्या."

चहा झाला. मग म्हातारी बोलायला लागली आणि थांबेचना. निघताना विधवेचं तोंड कोणाला दिसू नये, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी नेऊन जहाजात अगदी मागं, पडद्याआड बसवलं होतं. बाकड्यावर नाही, खाली फळ्यांवर. त्यामुळं जहाज रिकामं समजून केवट आणि ठेकेदार जे बोलले ते तिनं ऐकलं. केवट म्हणत होता, मालक, तळातले पत्थर परत टाका, नाव फार हलते, मागच्या नव्या फळ्याही पाणी पितात. ठेकेदार म्हणाला, "उन पत्थरों पे मेरे ग्राहक बैठते हैं, उनको खड़ा कर दूँ? तू चला चुपचाप."

ओसरीवर मी उठूनच उभा राहिलो. ते दगड! त्यांच्यावरच बसून मी चहा प्यायलो होतो, पंचनामा केला होता.

"धक्का बसला होता काय, आत्याबाई?" बायकोनं विचारलं.

"कसला धक्का? काठ सोडल्यापासून माझ्याखालून पाणी येत होतं. आधी पदर ओला, मग घोटे. पुढं बायका ओटी भरायला डावीकडं जमल्या. पुरुष बघायला बाकड्यांवर चढले. तो पुढून केवट ओरडतोय, बैठ जाओ, बैठ जाओ. आमच्यातला एक म्हणाला, तू बांबू सांभाळ. मग एकदम कललं, त्यालाच सगळे धक्का म्हणतात."

"पाणी दिसत होतं, मग हाक का नाही मारलीत?"

आत बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"पूजा चालली होती गं. मंत्र चालले होते. माझ्यासारखीनं मधे तोंड कसं उघडायचं? म्हटलं, ओटी एवढी होऊ दे. मग सांगते." आणि मग ती रडली. धाकटी भाची तिच्याच हातची वाढलेली. "सांगितलं असतं तर पोर असती."

मी बरेच गुन्हेगार रडताना पाहिलेत. तसलं रडणं परत ऐकलं नाही.

कर्ते दारात येऊन उभे राहिले होते. "हे बाहेर बोलायचं नाही, ताई," म्हणाले. बायकोनं आत्याबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला असावा, कारण तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बोला, आत्याबाई. तुमच्या बोलण्यानं आता बुडायचं काही राहिलेलं नाही. एक माणूस वर यायचा राहिलाय."

म्हातारी म्हणाली, "येते मी कोर्टात."

पुढचं काम सोपं होतं. बैलजोड्या लावून जहाज बाहेर ओढलं. तळाला खरचटल्याची एक रेघ नाही. म्हणजे पायरीवर आदळलंच नव्हतं. मागच्या बाजूला सागवान काढून आंब्याच्या फळ्या मारलेल्या. खिळे साधे लोखंडी, गंजून काळे पडलेले, आणि खिळ्याभोवतीच्या लाकडात माझं बोट शिरत होतं. तळाच्या जुन्या लाकडावर दगडांचे ठसे होते. टपरीवरचे दगड गाडीतून आणून ठेवले, तर ठशांत बरोबर बसले. ठेकेदाराला थान्यात आणून समोर एक दगड ठेवला आणि म्हटलं, "बैठिए साब. आपके ग्राहक तो खड़े हो गए." तासाभरात सगळं ओकला.

कोर्टाच्या दिवशी आत्याबाई तांग्यात आल्या. मागं नाही बसल्या, पुढं तांगेवाल्याशेजारी. त्याला म्हणाल्या, "आता तुला नाही वाटत ना रे अपशकुन?" तो म्हणाला, "अम्माजी, मेरी घोड़ी को नहीं है तो मुझे क्या?" साक्ष खणखणीत दिली. केवट सुटला, ठेकेदाराला सजा झाली, आणि झोपडी खाली करवायला कोणी आलंच नाही. छत्रीबागेत काही दिवस लोक कुजबुजले, पायगुण वगैरे. कर्त्यांनी मात्र स्वतःच ओसरीवर बसून सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, की जहाज दगड काढल्यामुळं बुडालं. माणूस उशिरा का होईना, सुधारतो.

लोक मला विचारतात, मग चूक कोणाची? मला वाटतं, एका भोकानं एवढी नाव बुडत नाही. दगड काढले तरी ती चालली असती. फळ्या कुजल्या तरी चालली असती. माणसं बाकड्यांवर चढली तरी सावरली असती. पण ज्या जागेवरून पाणी दिसत होतं, तिथं नेमकं असं माणूस बसवलं होतं, ज्यानं बोलायचं नाही. नोकरीभर मी मग हेच करत राहिलो. कुठं गेलो की बघायचं, मागं कोण बसवलंय. आधी त्याला विचारायचं. बहुतेक केसेस तिथंच सुटल्या.

आता गेल्या महिन्याचं सांगतो. पलासियाकडं धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मी विधुर. पण मला कोणी मागं नाही बसवलं. पुढच्या खुर्चीत बसवून हार घातला. विधुराचं तोंड कोणाला वाईट नसतं. मी इकडंतिकडं बघितलं, तर माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, भाऊ जाऊनही बरीच वर्षं झाली, स्वयंपाकाच्या कनातीपाशी एकटी. हार काढून मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

"भाऊजी, इथं काय करताय? पुढं जा ना."

"तू सांग, इथनं काय दिसतं?"

तिला वाटलं, बायको गेल्यापासून मला असं काहीतरी होतं. पण मग हसून म्हणाली, "सगळं दिसतं. तो आचारी पाकात पाणी घालतोय. अर्धी पंगत व्हायचीय आणि जिलबी फसणार आज."

"मग ओरड ना!"

"मी? लग्नघरात?"

"हो, तू."

वहिनी उठली. पदर खोचला आणि अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असं आचाऱ्याच्या नावानं ओरडली.