गाडीला न्यूट्रल कळलं तेव्हा

प्रॅक्टिकलच्या जर्नलपलीकडे मी कधी काही लिहिलेलं नाही. तरी लिहायला बसलोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. त्या दिवसाचा आनंद मनात मावत नाही, एवढंच.

माझे बाबा कांजूरमार्गच्या यार्डात एका कंत्राटदाराचा कचऱ्याचा ट्रक चालवतात. गेल्या वर्षी त्यांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवेना. नेमका तेव्हाच यार्डात ऑटोमॅटिक गिअरचा ट्रक आला म्हणून नोकरी टिकली. दसऱ्याला बाबांनी तो प्रेशरच्या पाण्याने खालूनसुद्धा धुतला, हार घातला. दुसऱ्या दिवशी तो चालूच होईना.

"काका, गिअरबॉक्स गेला," सुपरवायझर म्हणाला. "जन्मभर क्लचवाल्या गाड्या हाणल्यात, हिची वाट लावलीत. उद्या टोचन लावून ओढत कंपनीत धाडतो. तुम्ही जुना ट्रक घ्या."

जुन्या ट्रकला क्लच होता. बाबांचा हात गुडघ्यावर गेला.

मी ऑटोमोबाइलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. त्या दिवशी बाबांबरोबर यार्डात आलो होतो. भीत भीत बंद ट्रकची चावी फिरवून पाहिली. गिअर न्यूट्रलमध्ये होता, तरी समोरच्या पट्टीवर 'एन' उमटत नव्हता. गिअर कुठे आहे हे गाडीला सांगणारा एक स्विच गिअरबॉक्सला बाहेरून लावलेला असतो. न्यूट्रल असल्याचं त्याने सांगितल्याशिवाय इंजिन चालू होत नाही.

"सर, गिअरबॉक्स ठीक असेल, नुसता स्विच गेला असेल. बहुतेक."

"बहुतेक? इंजिनिअर साहेब, बहुतेकवर ट्रक चालतो का?"

पण अपघातात चेपलेला तसलाच एक ट्रक यार्डात पडून होता. त्याचा स्विच काढायला सुपरवायझरने हो म्हटलं.

बाबांनी चाकांना दगड लावले. मी बॅटरीची वायर सोडवली आणि खाली शिरलो. जुना स्विच काढला तर आतून पाणी गळलं. दुसरा बसवला, बोल्ट आवळले, बॅटरी जोडली. बाबांनी चावी फिरवली. काहीच नाही.

"झालं समाधान?" सुपरवायझर म्हणाला.

माझे कान तापले. मग आठवलं, स्विच न्यूट्रलशी जुळवायचा राहिलाच होता! बॅटरी सोडवून पुन्हा खाली गेलो. बोल्ट सैल केले, मीटर लावला आणि स्विच केसभर केसभर फिरवत राहिलो. मीटर टीं करून वाजला, म्हणजे न्यूट्रल जुळला. तिथेच आवळला, बॅटरी जोडली, बाजूला झालो.

"बाबा, मारा!"

एका चावीत इंजिन धडधडलं. पट्टीवर 'एन' उमटला. बाबांनी जो हॉर्न दाबला तो सोडेचनात. "अहो काका, पुरे! कान फुटतील," सुपरवायझर ओरडला, पण हसत होता. "टोचन लावायचं की नाही, मालकांना विचारून कळवतो."

रात्री बाबा जेवताना फोन ताटाशेजारी ठेवून बसले. आईने भात वाढला तरी लक्ष नव्हतं. फोन वाजला तसा त्यांनी उष्ट्या हाताने स्पीकर लावला.

"काका, टोचन नको म्हणाले मालक. उद्यापासून तोच ट्रक, तुमच्याकडेच."