डावी पाकळी

आमच्या गावात काहीही ठरवायचं असलं की लोक आमच्या बाबांकडे येतात. बाबा फार शहाणे आहेत म्हणून नव्हे, गावदेवीची पूजा आमच्या घराकडे आहे म्हणून. म्हैस घ्यायची की नाही, पोराला वाशिंदला कंपनीत घालायचं की शेतीत ठेवायचं, सगळं देवीला विचारायचं. बाबा तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवतात. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवतात, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. झालं! माणसं निवांत घरी जातात, डोक्याला ताप नाही.

मला या सगळ्याचा पहिल्यापासून राग. देवाने डोकं दिलंय ते काय नुसती वेणी घालायला? असं मी बोलले की आई डोळे वटारायची. ताई मात्र हसायची. ती माझ्याहून मोठी, आणि तिची श्रद्धा खरी होती, हे मला मान्य करायलाच हवं. पहाटे देऊळ झाडायला तीच जायची, कुणी सांगावं लागायचं नाही.

तिला मुरबाडकडचं स्थळ आलं तेव्हाही कौल लावला. मुलगा नोकरीला, घर पक्कं, मागणं काही नाही. ताईला तो आवडला नव्हता. का, ते तिला धड सांगता येईना. त्याच्या नजरेची भीती वाटते, एवढंच म्हणाली. पण देवीने हो म्हटलं तर करीन, असंही म्हणाली. उजवी पाकळी पडली. ताईने वाकून नमस्कार केला आणि पुन्हा त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

तो माणूस तिला मारतो. आधी वाटलं, दारू पिऊन मारतो. मग कळलं, न पिताही मारतो. गेल्या दिवाळीला ती आली ती हात प्लास्टरमध्ये घेऊनच. मोरीत घसरले म्हणाली. आता आम्ही काय इतके खुळे आहोत? मी म्हटलं, राहा इथेच, मला पगार आहे, आपण दोघी भागवू. आई तर तिच्या पाया पडायची बाकी राहिली. मूलबाळ नाही, घर तिच्या नावावर नाही, तिला तिकडे बांधून ठेवणारं काही म्हणजे काही नाही. पण तिचं एकच पालुपद, देवीने दिलंय ते टाकून कशी येऊ? आणि गेली परत. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

ती गेल्यावर बाबाही जेवेनासे झाले. एका दुपारी मागच्या दारी मी भांडी घासत होते, तिथे येऊन बसले आणि एकदम म्हणाले, "तिच्या कौलाला डावी पाकळी मी गुळानं चिकटवली होती गो."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. स्थळ चांगलं वाटत होतं, असं पुन्हा येणार नाही असं वाटलं, डावी पडली तर काय, अशी भीती वाटली. नैवेद्याच्या ताटात गुळाचा खडा होता. त्यावर ओलं बोट घासून त्यांनी डावी पाकळी घट्ट बसवली. गावातल्या कुणाच्या कौलाला त्यांनी असं कधी केलं नाही. केलं ते फक्त पोटच्या पोरीला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. बापाला बोलू नये ते सगळं मी बोलले आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले. पण खोटं कशाला सांगू, आतून मला आनंदही झाला होता. कौलच खोटा, तर ताईला अडवणारं उरलं काय? त्याच रविवारी शहापूरहून मुरबाडची एसटी धरली. तिचे कपडे भरायला रिकामी बॅगसुद्धा बरोबर घेतली.

नवरा बाहेर गेला होता. ताई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिचा हात थांबला नाही.

"मला म्हायती हाय," ती म्हणाली. "नमस्काराला वाकले तवाच बघितलं. डाव्या पाकळीला मुंग्या लागल्या होत्या."

ओरडलेच मी, अगं मग लग्नाला उभी का राहिलीस?

ती म्हणाली, गुळाने चिकटवलेली पाकळी देवीला पाडता येत नाही का? तिच्या मनात असतं तर पाडली असती. बाबांना गूळ सुचला, तोही तिनेच सुचवला. बाबांच्या हातात काय होतं?

हे ती इतकं शांतपणे बोलली की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी विचारलं, मग हा तुझा हात मोडला, तोही देवीनेच का? सुपातला खडा काढून तिने अंगणात टाकला.

"तसं नसंल, तर मग मी इतकी वर्सं कशापायी सोसलं? तू सांग."

मी काय सांगणार? नुसत्या एका माणसाच्या बोटापायी सोसलंस, असं सांगायचं? तेवढ्यासाठीच तर मी गेले होते, पण तिच्या तोंडाकडे बघून जीभच उचलली नाही. तिने चहा केला, आम्ही प्यायलो. बॅग मी घडी करून काखेत घेतली, तिला दिसू नये म्हणून.

घरी बाबा वाट बघत होते. ताई शिव्या घालेल, तोंड बघणार नाही म्हणेल, असं काहीतरी त्यांना हवं होतं. ती काय म्हणाली ते मी सांगितलं. ते ऐकून त्यांचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं, पण ते भिंतीला टेकून खालीच बसले.

"म्हंजे तिनं माझं पापबी माझं ठेवलं नाय," एवढंच म्हणाले.

बाबा अजून पूजा करतात, लोक अजून येतात. मी मात्र ताईला आणायला आता जात नाही. काय सांगून आणू तिला?