वीस मिनिटं आधी निघा

“मॅडम, बस एक सही कर दीजिए.” एचआरचे गुप्ताजी फॉर्म माझ्या टेबलावर सरकवून तसेच उभे राहिले. फॉर्मवर वरच छापलेलं होतं, ‘अनफिट’.

फॉर्म भास्कर सोनार यांचा होता. मेन्टेनन्समधले फिटर, मूळचे जळगावकडचे, पण उभं आयुष्य इंदूरजवळच्या पीथमपुरात गेलेलं. पावसाळ्यात त्यांना हार्ट अटॅक आला. इंदूरला स्टेंट टाकला. स्टेंट म्हणजे हृदयाची तुंबलेली रक्तवाहिनी उघडी धरून ठेवणारी जाळीची बारीक नळी. दिवाळीनंतर मीच त्यांना फिट लिहून कामावर घेतलं. मी या कारखान्याची डॉक्टर. कोण काम करू शकतो आणि कोण नाही, यावर शेवटची सही माझी.

आणि डिसेंबर लागला तशी सोनारकाकांची छाती पुन्हा दुखायला लागली.

“हमेशा सुबह की ए शिफ्ट में ही होता है,” गुप्ताजी म्हणाले. “काम अब उनसे होता नहीं. कल को मशीन के पास कुछ हो गया तो?”

माणूस वाईट नव्हता आणि भीतीही खोटी नव्हती. त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणाले, “पंद्रह दिन दीजिए. फिर जो होगा, लिख दूँगी.”

सोनारकाकांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. अनफिट लिहिलं की दुसऱ्या दिवसापासून माणूस घरी. ते माझ्यासमोर बसून टोपी चोळत म्हणाले होते, “मॅडम, गेटाबाहेर हार घालून जायचंय हो. फॉर्म घेऊन नको.”

इंदूरच्या डॉक्टरांकडे त्यांना मी आधीच परत पाठवलं होतं. स्टेंटनंतर छाती दुखली तर थंडी आहे, गॅस आहे म्हणत बसायचं नसतं. त्यांनी पुन्हा अँजिओग्राफी केली. स्टेंट छान उघडा होता. दुसरी एक वाहिनी थोडी अरुंद होती, पण औषधांवर चालण्यासारखी. मग टीएमटी केली, म्हणजे छातीला वायरी लावून चालत्या पट्ट्यावर चालवतात ती. काका त्यातही पास. डॉक्टर फोनवर म्हणाले, “इथे तर चांगले चालले. तुमच्याकडेच काहीतरी होतंय, बघा.”

आमच्याकडे काय होतंय? मी मशीनवरचं काम पाहिलं, उचलायचं वजन पाहिलं, जिने मोजले. काही सापडेना. शेवटी काकांना जरा चिडूनच विचारलं, “दुखतं ते नक्की कधी? सकाळी म्हणू नका. वेळ सांगा.”

त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. फिटरच तो! मशीन बंद पडली की वेळ लिहायची, ही जन्माची सवय. तीच सवय त्यांनी छातीलाही लावली होती. सहा वीस. सहा पंचवीस. सहा वीस. प्रत्येक वेळी दडपण, मग जिभेखालची गोळी, मग आराम. रविवार कोरा.

“काका, तुमची ए शिफ्ट सातला सुरू होते ना?”

“हो मॅडम.”

“मग सहा वीसला तुम्ही कुठे असता?”

“बसथांब्यावर.”

मी कपाळाला हात लावला. ज्या कामाला सगळे दोष देत होते, ते काम तर अजून सुरूच झालेलं नसायचं! इतक्या दिवसांत हे मला कळू नये? लाज वाटली. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “काखेत कळसा न् गावाला वळसा.” आमच्या धारच्या घरात आईजवळ प्रत्येक फजितीला एक म्हण तयार असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे धारहून निघाले आणि सहाच्या ठोक्याला त्यांच्या थांब्यावर पोचले. थंडी मी म्हणत होती. धूर वर जातच नव्हता, कमरेएवढ्या उंचीवर नुसता पडून होता. दोन शिफ्ट-बसा इंजिन चालू ठेवून उभ्या. सायलेन्सरचं तोंड थांब्याकडे. आणि मधोमध शेकोटी. तिच्यापुढे उकिडवे बसून गालफडं फुगवून फुंकर घालत होते आमचे सोनारकाका.

शेकोटीत काय, तर पॅकिंगचं थर्माकोल, फुटक्या क्रेटी आणि कॉटन वेस्ट. कॉटन वेस्ट म्हणजे मशीनचं तेल पुसायच्या सुताच्या गुंडाळ्या. तेल प्यायलेल्या, त्यामुळे भर्रकन पेटतात. काका रोज दोन गुंडाळ्या डब्याच्या पिशवीतून आणायचे.

“काका! हे काय चाललंय?”

“शेकोटी, मॅडम. बसा ना! जो पहिला येईल त्यानं पेटवायची, असा इथला रिवाज आहे. हल्ली मीच पहिला येतो.”

“हल्ली का?”

ते माझ्याकडे भाबडेपणानं बघत म्हणाले, “तुम्हीच सांगितलं ना. बसमागे धावू नका, वीस मिनिटं आधी निघा. आणि थंडीत ऊब घ्या.”

माझा शब्द न् शब्द पाळला होता त्या माणसानं. बिडी सोडली, मीठ कमी केलं, लवकर निघाला. आणि त्या वाचलेल्या वीस मिनिटांत रोज धूर गिळत बसला.

धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. बारीक कण फुप्फुसात खोल जातात आणि रक्तवाहिन्या आवळतात. धडधाकट माणूस दोनदा खोकतो आणि विसरतो. ज्याची वाहिनी आधीच अरुंद, त्याच्या हृदयाला तेवढ्यानंही रक्त कमी पडतं. ते छातीवर दडपण आणून ओरडतं.

“भिया, इंजिन तो बंद करो!” मी ड्रायव्हरला म्हणाले.

“मॅडम, बंद किया तो ठंड में वापस चालू नी होय. बैटरी मरी पड़ी है.”

थंडीनंही छाती दुखू शकते, हे मला माहीत होतं. म्हणून मी एकच गोष्ट बदलली. काकांना सांगितलं, उद्यापासून मफलर बांधून पुढच्या थांब्यावरून बस धरा. तिथे शेकोटी नाही, बसही माणसं चढेपर्यंतच थांबते. थंडी तीच, औषधं तीच, काम तेच. दुखलं तर गोळी घ्यायची, थांबलं नाही तर सरळ मला फोन.

पुढचे आठ दिवस रोज सकाळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. एकदा सहा बावीसला वाजला. बघते तर दूधवाला. त्याला मी विनाकारण बोलले, बिचारा!

नवव्या दिवशी काकांनी डायरी उघडून टेबलावर ठेवली. सगळी पानं कोरी. मी मागचीही उलटून पाहिली, चुकून चिकटली असतील म्हणून. नव्हती. इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. मग ते लपवायला मी काकांना मीठ कमी खाण्यावर पुन्हा लेक्चर दिलं.

गुप्ताजींनी डायरी दोनदा पाहिली आणि फॉर्म स्वतःच्या हातानं फाडला. वर म्हणाले, “बैटरी का लिखकर दीजिए, नई दिलवाता हूँ.” बॅटऱ्या आल्या, थांब्यावर इंजिनं बंद व्हायला लागली. थर्माकोल आणि कॉटन वेस्ट जाळायला बंदी आली. थांब्यावरच्या मंडळींनी मला महिनाभर शिव्या दिल्या असणार. दिल्या तर दिल्या.

सोनारकाका चौदा महिने पूर्ण करून हार घालून गेटाबाहेर पडले. एकदा घरच्या लग्नात आचाऱ्याच्या भट्टीजवळ उभे राहिले तेव्हा दुखलं, तेवढंच. तेही लिहून ठेवलेलं होतं, वेळेसकट.

सल्ले मी अजूनही देते, त्याचाच तर पगार मिळतो. पण कुणाला वीस मिनिटं आधी निघायला सांगितलं, की लगेच विचारते, “आणि ती वीस मिनिटं तुम्ही कुठे उभे राहणार?”