यशोदाबाईचं शेंदेलोण

सहा महिने यशोदाबाईच्या घरी रोज एकादशी होती. एवढी भक्ती देवालासुद्धा झेपली नसती. पण ती देवासाठी नव्हतीच, नवऱ्यासाठी होती.

नवरा दत्तोबा पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात फाटकावर पहारेकरी. श्रावणात त्याचं तोंड सुजायला लागलं, तेव्हा चिंचवडच्या आळीला वाटलं, गडी कंपनीच्या पगारावर बाळसं धरतोय. कोपऱ्यावर किराणा दुकान चालवणारी नूरबी तर तोंडावर म्हणाली, "वहिनी, काय खायला घालता ते मलाबी सांगा की. आमच्या ह्यांची नुसती हाडं राहिलीत."

मग पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा. डॉक्टरांनी लघवी काचेच्या नळीत तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. मूत्रपिंडं बिघडली म्हणाले. मीठ बंद, डाळ नि मटण बंद. सूज उतरली तरच काम. कारखान्याच्या साहेबानं होळीपर्यंत जागा राखली होती.

आता पथ्य यशोदाबाईला कुणी शिकवायचं? उभा जन्म गुरुवार, चतुर्थी, सोमवार करण्यात गेलेला. मीठ चालत नाही, डाळ चालत नाही, म्हणजे उपासाचं चालतं; यात विचारायचं काय? तिनं भगर शिजवली, दाण्याची आमटी केली, बटाटे उकडले आणि वरून शेंदेलोण घातलं. उपासाला चालतं म्हणजे ते मीठ नव्हेच!

पहाटे उठून दाणे भाजायचे, कुटायचे, त्याची आमटी करायची. मग स्वतःसाठी भाकरी-कालवण. पुढं पुढं भाकरी थापायचं त्राण उरेना, तेव्हा तीही त्याच्याच पातेल्यातलं जेवायला लागली.

"वहिनी," नूरबी पुडी बांधताना म्हणायची, "अख्खं गाव शिवरात्रीला एवढं शेंदेलोण नेत न्हाई. देव आता सोताच यायचा भगर खायाला."

"येऊ दे. त्यालाच लावते दाणं कुटायला."

सूज मात्र उतरेना. सकाळी दत्तोबाचे डोळे उघडायचे नाहीत. ताट समोर आलं की तो भिंतीकडं बघायचा.

"अवो, खावा. थोडंच दिस राहिलं."

"तू रोज तेच म्हणतीस."

होळीला आठ दिवस उरले आणि डॉक्टर तिच्यावर खेकसले, "बाई, घरी पथ्य मोडताय तुम्ही!"

हे तिला झोंबलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्या जेवणाचा डबाच घेऊन दवाखान्यात हजर. "बघा. खाऊन बघा."

डॉक्टरांनी बोट बुडवून चाटलं. "खारट आहे."

"मीठ न्हाई त्यात. शेंदेलोण हाय."

डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. मग थकल्या आवाजात बोलले. "बाई, उपास तुमचा देवाला कळतो, मूत्रपिंडाला कळत नाही. शेंदेलोण म्हणजे मीठच. आणि हे दाणे? डाळ परवडली."

"मंग आता किती दिस?"

"दिवस कसले? आता जन्मभर."

परतीची वाट मैलभराची. यशोदाबाई तीनदा बसली. गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. औषधच लागू पडलं नाही म्हणायचं, की झालं. पण घरी आल्यावर डबा तसाच खाली ठेवून ती म्हणाली, "सूज म्याच वाढिवली. शेंदेलोण बी मीठच असतंय."

दत्तोबानं डब्याचं झाकण उघडून बघितलं. "म्हंजी ती भगर मी उगाच खाल्ली?"

"व्हय."

"सहा म्हैनं?"

"व्हय."

"मग त्याबद्दल आधी रड," तो म्हणाला. ती खरंच रडली. तो भिंतीला टेकून बघत राहिला. उठून जवळ जायची ताकद त्याच्यात नव्हती.

पातेल्यातून भगर गेली, अळणी भात आला. होळी झाली. फाटकावर त्याच्या जागी दिघीचा सयाजी उभा राहिला. सूज उतरायला लागली ती त्यानंतर, पाडव्याच्या सुमाराला. साहेबाला त्याचं आता काही नव्हतं.

नूरबी दारात आली, तेव्हा दोघं भाताला बसली होती. चिडवायचं म्हणून आलेली बाई, पण ताटात नुसता अळणी भात बघून मागं सरली. "येते," एवढंच म्हणाली नि गेली.

"हे कवर खायचं?" दत्तोबानं विचारलं.

डॉक्टरांकडून आल्यापासून पोटात ठेवलेलं यशोदाबाईनं सांगून टाकलं. "उपास दुसऱ्या दिशी सुटतोय. ह्यो न्हाई सुटायचा."

त्यानं एक घास गिळला. दुसरा बोटांत तसाच धरून ठेवला.

"मग लिंबू तरी पीळ वर," तो म्हणाला, "आणि तूबी घे."