मशीनला वार कळतो काय, ताई?

आता विचारलंच आहे तर सांगतो, पण आधी तो चहा संपवा. हसताना कुणाच्या तरी शर्टावर सांडेल आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटेल. तसं या प्रकरणात ते माझ्याच डोक्यावर फुटायला हवं होतं म्हणा!

माझं मंगळवार पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पण बाहेर मी दुरुस्तीवाला म्हणवून घेत नाही. कार्डावर 'सिस्टीम सल्लागार' असं छापलंय. सल्लागार म्हणजे काय? चूक शोधायला येतो आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलून जातो तो!

तर शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी सर्व्हर बसवला. चार डिस्क घेतल्या आणि सॉफ्टवेअरनं त्यांची एकत्र मोट बांधली. याला रेड म्हणतात. एखादी डिस्क गेली तरी उरलेल्या तिघी संसार ओढतात. मालक आण्णा खूश. "लई भारी काम केलंस लेका," म्हणाले. मी कॉलर ताठ करून घरी.

त्या मशीनवर बसायच्या शोभाताई. डिस्पॅचला बावीस वर्षं काढलेल्या. त्यांनी चलन काढल्याशिवाय मालाचा ट्रक गेटबाहेर हलत नाही. आणि जीभ अशी, की ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवायलाही बिचकतात.

एका रविवारी दुपारी ताईंचा फोन आला. मी ताटावर. तुम्हीच सांगा, समोर पांढरा रस्सा असताना कुठला शहाणा माणूस सर्व्हरचं बोलतो?

"सतीशराव, मशीन लई हळू चालायलंय. एका चलनाला धा मिंटं! भाईर सा ट्रक हुबं हायत."

"उद्या येतो, ताई."

"उद्या सोमवार! कारखान्याला सुट्टी हाय की!"

"मग तर उत्तमच. गर्दी नाही, निवांत बघतो."

सोमवारी वॉचमननं ऑफिस उघडून दिलं. मी मशीन चालू केलं, डिस्कचा वेग मोजला. अहो, पळत होतं! मी ताईंना फोन लावून ठसक्यात सांगितलं, मशीन ठणठणीत आहे.

पुढच्या रविवारी परत फोन. परत मी ताटावर. परत सोमवारी गेलो आणि परत मशीन पळतंय. मी नेटवर्कची केबल बदलून आलो. गरज काहीच नव्हती, पण काहीतरी बदलल्याशिवाय सल्लागाराला चैन पडत नाही.

तिसऱ्या खेपेला ताई म्हणाल्या, "ह्ये रविवारीच हुतंय बघा. बाकीच्या दिवशी कायबी न्हाई."

मी केवढ्यानं हसलो! "मशीनला वार कळतो काय, ताई? रविवार म्हणून तेबी सुट्टी घेतंय व्हय?"

एवढ्यावर थांबावं की नाही? हा विनोद मी आण्णांनाही ऐकवला. वर सोमवारी जाऊन चारातली एक डिस्क दोषी ठरवून बाहेर काढली आणि नवी घातली. तिचा गुन्हा काय? तिच्यावर इतरांपेक्षा जरा जास्त धूळ होती.

त्यानंतरच्या रविवारी परत तेच. आता आण्णा तापले. "ट्रक अडकायल्यात माझं! दोष मशीनचा का माणसाचा, त्ये ल्हिवून दे मला."

आणि मी दिलं की लिहून! लेटरहेडवर, खाली शिक्का मारून. 'यंत्रणा निर्दोष आहे. विलंबाचे कारण: यंत्रणा वापरणारी व्यक्ती मंद.'

ते वाचून आण्णांनी ताईंना गेटवरच्या रजिस्टरला बसवायचं ठरवलं. बावीस वर्षांची खुर्ची माझ्या एका ओळीनं जाणार होती. मला वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटलं. चला, रविवारची कटकट मिटली, एवढंच वाटलं. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

ताई रडल्या-बिडल्या नाहीत. आण्णांसमोरच त्यांनी मला फोन लावला. "सतीशराव, येत्या रविवारी या. माज्या खुर्चीत बसा आन् एक चलन काढून दावा. निघालं, तर मी गप गेटवर जाते."

आता नाही कसं म्हणणार? रविवारी रस्सा सोडून शिरोलीला गेलो. ताईंच्या खुर्चीत ऐटीत बसलो आणि बटण दाबलं. थांबलो. परत दाबलं. चलन काही येईना! मागं ताई हाताची घडी घालून उभ्या, शेजारी आण्णा, आणि खिडकीत एक ड्रायव्हर डोकं घालून.

"पावणं, चलन काढायलाय का पिकवायलाय?" ड्रायव्हर म्हणाला.

"भट्टीचा हादरा बसत असेल," मी म्हणालो.

"भट्टी रोजच चालती की," ताई.

"मग व्होल्टेज..."

"त्येबी रोजचंच."

शेवटी नाइलाजानं मी ते केलं, जे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. रेडची स्थिती उघडून बघितली. एका ओळीची कमांड, बाकी काही नाही. पडद्यावर आलं: तपासणी चालू, एकसष्ट टक्के.

तपासणी म्हणजे चारी डिस्क पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचायच्या आणि एकमेकींशी ताडून बघायच्या. काम चांगलं आहे, करावंच लागतं. पण ते चालू असताना बाकीची कामं रखडतात, म्हणून शहाणी माणसं ते सुट्टीच्या दिवशी लावतात.

इथं कुणी लावलं होतं? वेळापत्रकाची फाईल उघडली. 'दर रविवारी, सकाळी नऊ.' शिवाय तपासणीचा किमान वेग इतका चढवून ठेवलेला, की आधी तपासणी, मग जमलं तर माणसांचं काम. आणि वर लिहिणाऱ्याची टीप: 'रविवारी ऑफिसात कोण असतंय? – सतीश.'

पुण्यातल्या एका ऑफिससाठी लिहिलेली माझीच फाईल मी जशीच्या तशी इथं आणून चिकटवली होती. बघा म्हणजे अक्कल! कारखान्याला सोमवारी सुट्टी म्हणून मी स्वतः सोमवारी जात होतो, आणि मशीनला मात्र रविवारची सुट्टी सांगून ठेवली होती.

"घावलं काय रं?" आण्णांनी विचारलं.

"हां, ते सिस्टीममध्ये एक काम चालू होतंय. आपोआप."

"आपोआप?"

"तसं... आपोआपच म्हणायचं."

ताई चष्मा सावरत पडद्यावर वाकल्या. "आन् आपोआपचं नाव सतीश हाय व्हय?"

ड्रायव्हर खिडकीतच हसत बसला. मी गपचूप तपासणी थांबवली. चलन सर्रकन बाहेर आलं. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की भट्टी बरी! मग म्हणाले, "ताई, बसा तुमच्या जाग्यावर. गेटचं इसरा."

मी खुर्ची सोडली. ताईंची माफी मागितली, आणि मनापासून मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "रिपोट बदलून द्या."

"उद्या लिहून आणतो."

"उद्या सुट्टी. आत्ता द्या."

त्यांनी स्वतःच टाइप केलं. बोटं अशी चालत होती, की मी नुसता बघत राहिलो. कागद माझ्यापुढं सरकवून म्हणाल्या, "तुमचंच वाक्य ठिवलंय. एकच शब्द बदललाय."

वाचलं. 'यंत्रणा निर्दोष आहे. विलंबाचे कारण: यंत्रणा बसवणारी व्यक्ती मंद.'

मी सहीसाठी पेन घेतलं. टोपण काढलं. परत वाचलं. आण्णांकडं बघितलं. पेन कागदावर टेकवलं, उचललं, घाम पुसला.

ताई आण्णांना म्हणाल्या, "बघा, एका सहीला धा मिंटं! रिपोट बराबर हाय की न्हाई?"